तंबाखू न खाणाऱ्याचा कर्करोग

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कान-नाक-घशाच्या ओपीडीत तोंडातली किंवा घशातली न भरणारी जखम घेऊन माणूस आला, की त्याला विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तंबाखू खाता का? मग त्यामागोमाग गुटखा, मावा, खर्रा, मशेरी, बिडी, सुपारी आणि दारू. हा क्रम अनुभवाने घडला आहे आणि तो योग्यच आहे. टाटा स्मारक रुग्णालयातल्या वसंत रामजी खानोलकरांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९७२ मध्ये फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून केलेला अभ्यास आला. खेड्यापाड्यांत फिरून, लाखभर माणसांना 'आ' करायला लावून केलेले ते काम वाचताना आजही मान लवते. देशात वर्षाला एक लाख चाळीस हजारांच्या आसपास लोकांना ओठाचा किंवा तोंडाचा कर्करोग होतो, आणि त्यातला मोठा वाटा तंबाखू-सुपारीचा आहे याबद्दल शंका घ्यायला जागा उरलेली नाही.

पण कधीकधी त्या पहिल्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर येते. पन्नाशीतला गृहस्थ, सुपारीच्या खांडालाही हात न लावलेला. दाढी करताना मानेत गाठ हाताला लागली. दुखत नाही, ताप नाही, गिळायला त्रास नाही. कुणी प्रतिजैविकांचा कोर्स देतो, कुणी क्षयाची शंका घेतो, आणि दोन-तीन महिन्यांनी सुईच्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी दिसतात. मग मूळ शोधताना टॉन्सिलच्या आत किंवा जिभेच्या मुळाशी लहानशी गाठ सापडते. डॉक्टर पुन्हा विचारतात, पत्नीला बाजूला घेऊन विचारतात. उत्तर तेच. पूर्वी अशा रुग्णाच्या कागदावर कारणाची जागा रिकामी राहायची. गेल्या पंचवीस वर्षांत त्यातल्या अनेकांच्या आजाराचे कारण कळले आहे. ते म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामुळे ज्याचे नाव आता बऱ्याच घरांत पोहोचले आहे, तोच हा विषाणू.

या पुस्तकाच्या लेखिका डोके आणि मानेच्या कर्करोगांच्या शल्यचिकित्सक आहेत. मी पॅथॉलॉजीत आयुष्य घालवले. रुग्ण त्यांना भेटतो, मला त्याचा तुकडा भेटतो. तुकड्यावरून आजाराचे नाव लिहिता येते. पण गेल्या काही वर्षांत त्या नावाच्या पुढे आणखी एक ओळ लिहावी लागते, आणि त्या ओळीने रुग्णाचे पुढचे सगळे बदलते. ती ओळ काय सांगते, ती वाचून काय करायचे आणि काय करायचे नाही, हे मराठीत सविस्तर सांगणारे पुस्तक हवे होते. ते आता आले आहे. त्याच्या आधी थोडी जमीन तयार करावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. तिच्यात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. आजाराचे कारण विचारणे आणि आजाऱ्याला दोष देणे, या दोन गोष्टी घशाच्या कर्करोगाच्या बाबतीत आपण एकमेकींत पार कालवून टाकल्या आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय या विषाणूबद्दल धड बोलताच येणार नाही.

विषाणूने कर्करोग होऊ शकतो ही कल्पना वैद्यकशास्त्राने फार सावकाश स्वीकारली. इटलीतल्या व्हेरोना शहरात १८४२ साली रिगोनी-स्टर्न या वैद्याने मृत्यूच्या जुन्या नोंदी चाळताना पाहिले, की गर्भाशयाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांत विवाहित स्त्रिया पुष्कळ आहेत आणि मठातल्या संन्यासिनी फार थोड्या. या आजाराचा शरीरसंबंधाशी काही धागा असावा, हा तर्क तेव्हापासूनचा. १९३३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी रानसशांच्या अंगावर उगवणाऱ्या शिंगांसारख्या चामखिळींमागे विषाणू असल्याचे दाखवले. पुढे पेटन राउस यांनी त्या चामखिळींचे कर्करोगात रूपांतर होते हेही दाखवले. तरीही सशाचे ते माणसाचे कशावरून, हा प्रश्न उरलाच. १९७० च्या दशकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी संशय घेतला जात होता तो हर्पिसच्या विषाणूवर. जर्मनीतले हारल्ड त्सूर हाउझेन मात्र पॅपिलोमा विषाणूच्या मागे लागले होते. रुग्णांच्या गाठींमध्ये हर्पिसचा डीएनए त्यांना सापडत नव्हता. १९८३ मध्ये त्यांच्या गटाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही-१६ सापडला, पुढच्याच वर्षी एचपीव्ही-१८. १९५१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आलेल्या 'हीला' पेशी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्याच. त्यांच्यातही एचपीव्ही-१८ निघाला. तीस वर्षे हजारो शास्त्रज्ञांच्या डोळ्यांसमोर असलेल्या पेशींमध्ये हा विषाणू होता आणि कुणी तो शोधला नव्हता, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. त्सूर हाउझेन यांना २००८ चे नोबेल मिळाले.

घशाची कथाही त्याच १९८३ साली सुरू होते, पण ती कुणी फारशी ऐकली नाही. फिनलंडमधल्या कारी आणि स्टीना सिर्यानेन यांनी तोंडाच्या काही कर्करोगांत एचपीव्हीच्या संसर्गाच्या खुणा दिसतात असे लिहिले. सिगारेट आणि दारू ही कारणे इतकी पक्की बसली होती, की तिसऱ्याला जागाच नव्हती. २००० साली जॉन्स हॉपकिन्समधल्या मॉरा गिलिसन आणि सहकाऱ्यांनी २५३ रुग्णांच्या गाठी तपासल्या. त्यातल्या २५ टक्क्यांत एचपीव्ही होता आणि त्यापैकी ९० टक्क्यांत तो एचपीव्ही-१६ होता. महत्त्वाचे हे, की तो सगळीकडे सारखा विखुरलेला नव्हता. तो एकवटला होता घशाच्या एका विशिष्ट भागात, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेचे मूळ जिथे आहे तिथे. या रुग्णांत व्यसने कमी होती आणि ते जास्त जगत होते. एकाच नावाखाली दोन आजार नांदत आहेत, हे त्या निबंधाने स्वच्छ दाखवले. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही घशाच्या या भागातल्या कर्करोगाचे कारण म्हणून एचपीव्ही-१६ ची नोंद केली.

त्यानंतरची अमेरिकेतली आकडेवारी एका पिढीत रोगाचा चेहरा कसा बदलतो ते सांगते. जुन्या जपून ठेवलेल्या गाठी पुन्हा तपासल्यावर दिसले, की १९८८ ते २००४ या काळात लोकसंख्येच्या प्रमाणात एचपीव्हीमुळे होणारे घशाचे कर्करोग २२५ टक्क्यांनी वाढले आणि एचपीव्ही नसलेले निम्म्यावर आले. सिगारेट कमी झाल्याचे फळ एका बाजूला मिळत होते आणि दुसऱ्या बाजूला वेगळाच आजार वाढत होता. २०१५ मध्ये तिथे एचपीव्हीशी जोडलेल्या घशाच्या कर्करोगाचे सुमारे १९ हजार रुग्ण नोंदले गेले, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १२ हजार. म्हणजे ज्या विषाणूला जग बायकांच्या आजाराचा विषाणू समजत होते, त्याचा तिथला सर्वांत मोठा कर्करोग आता मुख्यतः पुरुषांचा होता.

टॉन्सिलच का? याचे उत्तर टॉन्सिलच्या रचनेत आहे, आणि पॅथॉलॉजिस्ट म्हणून मला इथे थोडे रेंगाळावेसे वाटते. टॉन्सिल बाहेरून सुपारीएवढा दिसतो, पण त्याच्या पृष्ठभागावर दहा-वीस खोल, फाटे फुटलेल्या खाचा असतात. रुमाल चुरगळून मुठीत धरावा तसा तो सगळा पृष्ठभाग आत दुमडलेला असतो. या खाचांचे अस्तर गालाच्या आतल्या अस्तरासारखे सलग नसते. ते जाळीदार असते आणि त्याला मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात, कारण श्वासातून-अन्नातून आलेले जंतू आत घेऊन रोगप्रतिकारक पेशींना ओळखीसाठी दाखवणे हेच टॉन्सिलचे काम. एचपीव्हीला नेमके तेच हवे असते. हा विषाणू वरच्या पेशींत शिरून उपयोग नाही. त्याला तळाच्या, विभाजन होणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचावे लागते. गर्भाशयमुखावर एका प्रकारचे अस्तर संपून दुसरे सुरू होते त्या सीमेवर त्याला ही संधी मिळते, आणि घशात टॉन्सिलच्या खाचांमध्ये. गालाच्या अस्तरात ती सहजी मिळत नाही. म्हणून तोंडाचा कर्करोग आणि टॉन्सिलचा कर्करोग हे शेजारी असूनही त्यांची कुळे निराळी आहेत.

आत शिरलेला विषाणू बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी. हातापायांच्या साध्या चामखिळी त्यातल्याच काहींमुळे येतात. एचपीव्ही-६ आणि ११ मुळे स्वरयंत्रावर मस्से उगवतात; लहान मुलांचा आवाज त्याने घोगरा होतो आणि पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, पण त्यातून कर्करोग क्वचितच होतो. एचपीव्ही-१६ मात्र काही थोड्या लोकांत मुक्काम ठोकतो. त्याची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिने पेशीच्या दोन बंधनांवर घाव घालतात. डीएनए बिघडलेल्या पेशीला थांबवणारे किंवा मरायला लावणारे पी-५३ हे प्रथिन ई-६ नष्ट करवते. पेशीला विनाकारण विभाजन करू न देणारे आरबी हे प्रथिन ई-७ निकामी करते. आरबी गेले, की पेशी विभाजन रोखण्यासाठी पी-१६ नावाचे दुसरे प्रथिन मोठ्या प्रमाणावर बनवू लागते. पण पी-१६ चे काम चालते ते आरबीच्याच मार्फत, त्यामुळे ते कितीही बनले तरी विभाजन थांबत नाही.

पेशीची ही निष्फळ धडपड आम्हाला स्लाइडवर दिसते. पी-१६ चा रंग दिला, की विषाणूजन्य गाठ गडद तपकिरी होऊन उठते. सत्तर टक्के किंवा अधिक पेशी रंगल्या तर ती 'पॉझिटिव्ह' म्हणायची. तंबाखूने झालेल्या गाठीत बहुधा उलटे असते : पी-५३ चे जनुकच मोडलेले असते आणि पी-१६ गायब असते. पूर्वी, हा रंग यायच्या आधी, या विषाणूजन्य गाठी सूक्ष्मदर्शकाखाली आम्हाला घाबरवायच्या. पेशी लहान, गडद, अपरिपक्व, भराभर विभाजन होणाऱ्या. त्यांना आम्ही 'वाईट प्रतीचा' कर्करोग म्हणून लिहीत असू. आणि हेच रुग्ण उपचारांनंतर वर्षानुवर्षे बरे राहत. त्यांचे पी-५३ चे जनुक शाबूत असते, ते फक्त दाबले गेलेले असते. रेडिएशनला या गाठी इतका चांगला प्रतिसाद देतात त्याचे एक कारण बहुधा हेच.

किती चांगला? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, सारखेच उपचार घेतलेल्या रुग्णांपैकी तीन वर्षांनी एचपीव्ही असलेले ८२.४ टक्के हयात होते, नसलेले ५७.१ टक्के. हा फरक इतका मोठा होता, की जगभर वापरली जाणारी कर्करोगाच्या टप्प्यांची पद्धत आठव्या आवृत्तीत बदलावी लागली. मानेत एका बाजूला गाठी असलेला टॉन्सिलचा जो रुग्ण पूर्वी चौथ्या टप्प्यात मोजला जाई, तो विषाणूजन्य असेल तर आता पहिल्या टप्प्यात मोजला जातो. 'चौथी स्टेज' हे शब्द ऐकून घरी परतलेल्या कुटुंबाची काय अवस्था होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या बदलाचे मोल सांगायला नको. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट सांगितली. विषाणूजन्य आजार असूनही जो अनेक वर्षे सिगारेट ओढत होता, त्याचा हा लाभ बराच घटला. विषाणू सापडला म्हणजे तंबाखू सुटली असे होत नाही.

आता मोह पडतो उपचार सौम्य करण्याचा. तो मोह योग्य आहे. घशाला दिलेल्या रेडिएशनच्या शेकाने आणि सोबतच्या केमोने माणूस जगतो, पण तोंड कायमचे कोरडे पडते, चव जाते, भाकरी गिळायला पाण्याचा घोट लागतो. साठीआधी बऱ्या झालेल्या माणसाला हे पुढे वीस-तीस वर्षे सोसायचे असते. म्हणून सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाऐवजी सेटुक्सिमॅब हे सौम्य मानले गेलेले औषध दोन स्वतंत्र चाचण्यांत देऊन पाहिले गेले. २०१८ मध्ये दोन्हींचे निकाल आले आणि दोन्हींनी तेच सांगितले : नव्या औषधाने जास्त रुग्ण दगावले, आणि त्रासही एकंदरीत कमी झाला नाही. त्यातल्या अमेरिकी चाचणीत पाच वर्षांनी सिस्प्लॅटिन घेतलेले ८४.६ टक्के हयात होते, सेटुक्सिमॅब घेतलेले ७७.९ टक्के. चांगल्या हेतूने केलेली काटछाटही किती महाग पडू शकते, याचे हे उदाहरण मी तरुण डॉक्टरांना नेहमी सांगतो. किरणांची मात्रा कमी करणे, फक्त शस्त्रक्रिया करणे, रक्तातल्या विषाणूच्या डीएनएवरून उपचार ठरवणे, या सगळ्या वाटा तपासल्या जात आहेत. पण चाचणीच्या बाहेर, 'तुमचा चांगला प्रकार आहे' म्हणून कुणी अर्धे उपचार सुचवले तर रुग्णाने दुसऱ्याचे मत घ्यावे.

महाराष्ट्रात यातले किती लागू आहे, हा या पुस्तकाचा गाभ्याचा प्रश्न आहे आणि लेखिकेने त्याला भिडताना सावधपणा सोडलेला नाही, म्हणून मला पुस्तक विश्वासार्ह वाटते. भारतातल्या वेगवेगळ्या अभ्यासांत एचपीव्हीचे प्रमाण फार वेगवेगळे आले आहे. गाठ तोंडाची होती की घशाची, तपासणी डीएनएची होती की नुसत्या पी-१६ च्या रंगाची, यावर आकडे हलतात. एक चित्र मात्र पुरेसे स्पष्ट आहे. गालाच्या, हिरडीच्या, जिभेच्या पुढच्या भागाच्या कर्करोगात, म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांत, या विषाणूचा वाटा अगदी थोडा आहे. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कर्करोगात तो आहे, पण अमेरिका किंवा उत्तर युरोपाच्या मानाने बराच कमी. दुसरे असे, की जिथे विषाणूचे प्रमाणच कमी असते तिथे नुसता पी-१६ चा रंग जास्त वेळा फसवतो. रंग पॉझिटिव्ह, पण विषाणू नाही, असे रुग्ण निघतात आणि त्यांचे भवितव्य खऱ्या विषाणूजन्य रुग्णांइतके चांगले नसते. आपल्याकडे रंगाच्या जोडीला एचपीव्हीची थेट तपासणी मागणे त्यामुळेच जास्त गरजेचे आहे.

याचा अर्थ विषय आपला नाही, असा कुणी काढू नये. आणि 'कर्करोग काय, विषाणूनेही होतो' म्हणून तंबाखूची पुडी फोडणाऱ्याने याचा आधार घेऊ नये. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी पानटपऱ्यांच्या मागच्या बाजूला काय विकले जाते ते सर्वांना ठाऊक आहे. विषाणूच्या चर्चेने ती लढाई सैल पडली तर या पुस्तकाने नुकसानच केले असे होईल. पण त्याच वेळी, टॉन्सिलची गाठ असलेल्या निर्व्यसनी माणसाला 'खोटे बोलतोय' म्हणून उडवून लावणेही थांबले पाहिजे. शिवाय पुण्या-मुंबईतून अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या अवतीभवती हा आजार तिथल्याच प्रमाणात आहे, आणि त्यांच्या घरात याविषयी मराठीत बोलायला शब्द नाहीत.

शब्द नाहीत, कारण हा विषाणू तोंडात मुख्यतः मुखमैथुनातून जातो. हे वाक्य मराठी आरोग्यलेखनात सहसा लिहिले जात नाही. 'शारीरिक संपर्कातून' असे काहीतरी लिहून पुढे सरकले जाते. त्याची किंमत रुग्ण मोजतो. अहवालावर 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' पाहून तो घरी जातो, इंटरनेटवर वाचतो, आणि कर्करोगाच्या भीतीवर आणखी एक भीती बसते. बायको विचारते, 'कुठून आणलात?' किंवा विचारत नाही, आणि ते अधिक वाईट. या प्रश्नाचे उत्तर विज्ञान सरळ देते, म्हणून ते इथेच लिहितो. शरीरसंबंध असलेल्या बहुतेक सर्व स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्हीचा कुठला तरी प्रकार भेटतोच. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय पाहणीत १४ ते ६९ वयाच्या लोकांपैकी ६.९ टक्क्यांच्या तोंडात त्या घडीला एचपीव्ही होता, एचपीव्ही-१६ मात्र एक टक्क्याच्या तोंडात. संसर्ग आणि कर्करोग यांच्यात अनेक वर्षे, बहुधा दशके जातात. युरोपातल्या मोठ्या पाहणीत जपून ठेवलेले रक्त तपासले, तेव्हा पुढे घशाचा कर्करोग झालेल्यांपैकी ३४.८ टक्क्यांच्या रक्तात ई-६ विरुद्धची प्रतिपिंडे निघाली, काहींत तर निदानाच्या दहा वर्षांहून आधी. निरोगी लोकांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. तेव्हा हा संसर्ग कधी झाला, कुणाकडून झाला, लग्नाआधी की नंतर, हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. तो विश्वासघाताचा पुरावा होऊ शकत नाही. जोडीदाराने वेगळे झोपण्याची, ताटवाटी वेगळी करण्याची, चुंबन टाळण्याची गरज नाही. इतकी वर्षे एकत्र राहिलेल्या जोडीदाराच्या वाट्याला जे यायचे ते केव्हाच येऊन गेलेले असते. पत्नीने गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी तेवढी करून घ्यावी, जी प्रत्येक स्त्रीने करायचीच आहे.

मी दोषाबद्दल म्हणालो ते याच संदर्भात. तंबाखूच्या रुग्णाला आपण 'खाल्लीस ना, मग भोग' म्हणतो. विषाणूच्या रुग्णाकडे आपण दुसऱ्याच नजरेने पाहू लागू, आणि ती नजर अधिक बोचरी असेल. मशेरी लावणाऱ्या बाईला तिच्या आईने सातव्या वर्षी मशेरीची डबी दिलेली असते. पंचविशीतल्या प्रेमातून घशात आलेला विषाणू पंचावन्नाव्या वर्षी गाठ होतो. दोघांनाही कर्करोग हवा नव्हता. डॉक्टरला कारण कळले पाहिजे, कारण त्याशिवाय उपचार नीट ठरत नाहीत. घरच्यांनाही ते कळले तर हरकत नाही. पण ते कळल्यावर सुनावणी भरवायची नसते.

गर्भाशयमुखाच्या बाबतीत कर्करोगाच्या आधीची अवस्था गाठता येते. उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने आणि टाटा स्मारकाने मिळून १,३१,७४६ स्त्रियांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्हीच्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. घशात हे करता येत नाही. टॉन्सिलच्या खाचांत खोल दडलेली पूर्वावस्था डोळ्यांना दिसत नाही आणि ब्रशने खरवडूनही हाती लागत नाही. घशासाठी चाळणी परीक्षा आज उपलब्ध नाही. म्हणून हातात दोनच गोष्टी उरतात : गाठ लवकर ओळखणे आणि लस.

गाठीबद्दल थोडक्यात. चाळिशीपुढच्या माणसाच्या मानेत आलेली आणि दोन-तीन आठवड्यांत न गेलेली गाठ, दुखत नसली तरी, विशेषतः दुखत नसली तर, घशाच्या डॉक्टरला दाखवायची. एकाच बाजूचा टॉन्सिल मोठा होणे, एका कानात सतत ठणका, घशात काही अडकल्याची एकाच बाजूची जाणीव, थुंकीत रक्त, यांनाही तेच लागू.

लसीची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे, आणि तिचा एक मोठा तुकडा आपल्या मातीत घडला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात जियान झोऊ आणि इयन फ्रेझर यांनी १९९१ मध्ये विषाणूच्या बाह्य कवचाचे प्रथिन असे बनवले, की ते आपोआप जुळून विषाणूसारखे पोकळ कवच तयार होते. आत डीएनए नाही, म्हणून संसर्ग होऊच शकत नाही. पण शरीर ते ओळखून भरपूर प्रतिपिंडे बनवते. २००६ मध्ये पहिली लस बाजारात आली. तेव्हा तीन डोस द्यायचे असत. भारतात २००९ च्या सप्टेंबरमध्ये नऊ केंद्रांवर वीस हजार मुलींमध्ये दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शी, मुंबई आणि पुणे ही आपली केंद्रे होती. त्याच सुमारास आंध्र आणि गुजरातमध्ये चाललेल्या एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लसीमुळे झाल्याचे आढळले नाही, पण पालकांची संमती कशी घेतली गेली यावर संसदीय समितीने पुढे कडक ताशेरे ओढले, आणि ते ओढायलाच हवे होते. एप्रिल २०१० मध्ये सरकारने या लसीच्या सर्व चाचण्या थांबवल्या. त्यामुळे बार्शीसारख्या केंद्रांतल्या हजारो मुलींचे डोस अर्धवट राहिले. सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता.

संशोधकांनी त्या मुलींना सोडून दिले नाही. त्या मोठ्या झाल्या, लग्ने होऊन सासरी गेल्या, गावे बदलली, आणि तरी वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा चालू राहिला. २०२१ मध्ये निकाल आला : एचपीव्ही-१६ आणि १८ च्या चिवट संसर्गापासून एका डोसने ९५.४ टक्के संरक्षण मिळाले, दोन किंवा तीन डोसांइतकेच. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस पुरेसा ठरू शकतो असे सांगितले, त्यामागच्या पुराव्यात हा अभ्यास होता. जगातल्या गरीब देशांतल्या कोट्यवधी मुलींना आता एका डोसात संरक्षण मिळू शकते, त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या मुलींचा वाटा आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात किती जणांना माहीत आहे?

ही लस घशातही काम करते का? कोस्टारिकातल्या चाचणीत लस घेतलेल्या तरुणींच्या तोंडात चार वर्षांनी एचपीव्ही-१६ आणि १८ चे प्रमाण ९३ टक्क्यांनी कमी आढळले. अमेरिकेतल्या १८ ते ३३ वयोगटाच्या पाहणीत लसीतल्या चार प्रकारांचा तोंडातला संसर्ग लस घेतलेल्यांत ८८ टक्क्यांनी कमी होता. घशाचा कर्करोग प्रत्यक्ष कमी झालेला दिसायला मात्र आणखी वर्षे जावी लागतील, कारण आज लस घेतलेली मुले पन्नाशीला पोहोचायची आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये नऊ प्रकारांविरुद्धच्या लसीच्या उपयोगात घशाच्या कर्करोगाचा प्रतिबंध जोडला, तो या अपेक्षेवर.

आणि इथे मुलग्यांचा प्रश्न येतो. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून मुलग्यांना सरकारी कार्यक्रमात ही लस दिली, ब्रिटनने २०१९ पासून. आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' २०२३ मध्ये उपलब्ध झाली. तिला ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलगे, दोघांसाठी परवानगी आहे. पण सार्वजनिक चर्चा सगळी मुलींची. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पातही ९ ते १४ वर्षांच्या मुलींचाच उल्लेख झाला. मर्यादित पैशांत मुलींना प्राधान्य देणे बरोबरच आहे, कारण आपल्याकडे गर्भाशयमुखाचा कर्करोग घशाच्या विषाणूजन्य कर्करोगापेक्षा कितीतरी जास्त जीव घेतो, आणि पुरेशा मुलींना लस मिळाली की मुलग्यांनाही आडून संरक्षण मिळते. पण ज्या घरात मुलीसाठी ही लस विकत घेतली जाते, तिथे मुलग्याचा विचार का होत नाही, हे बालरोगतज्ज्ञांनी आई-बाबांना विचारायला हवे. आणि वय महत्त्वाचे आहे : विषाणू भेटण्याआधी दिली तर लस काम करते, नंतर आत असलेला विषाणू ती काढून टाकत नाही. घशाचा कर्करोग झालेल्या रुग्णाला ती देऊन तो बरा होत नाही, हेही इथे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण ती आशा दाखवून पैसे घेणारे आढळतात.

पुस्तक सलग वाचलेच पाहिजे असे नाही. ज्याच्या मानेत गाठ आहे आणि तपासणी बाकी आहे, त्याने आधी निदानावरचे प्रकरण वाचावे. ज्याच्या हातात अहवाल आहे, त्याने पी-१६ आणि एचपीव्ही तपासणीवरचे; त्यात पॅथॉलॉजिस्टला नेमके काय विचारायचे ते दिले आहे, आणि लेखिकेने ते प्रश्न माझ्यासारख्यांना अडचणीत आणतील इतके नेमके ठेवले आहेत, याचा मला आनंद आहे. जोडीदारांसाठी वेगळे प्रकरण आहे. ते दोघांनी एकत्र वाचावे. शेक चालू असताना काय खावे, तोंड कसे जपावे, दात शेकाआधी का काढावे लागतात, गिळण्याचे व्यायाम कोणते, हा भाग सर्वांत मोठा आहे आणि तो तसाच हवा होता, तंबाखूच्या रुग्णालाही तो तेवढाच उपयोगी पडेल. गावातल्या जनरल प्रॅक्टिशनरसाठी शेवटी दोन पाने आहेत : कुठली गाठ किती दिवस पाहायची, कधी आणि कुठे पाठवायचे, आणि क्षयाची औषधे सुईच्या तपासणीशिवाय का सुरू करायची नाहीत. ती पाने फाडून टेबलाच्या काचेखाली ठेवायला लेखिकेची परवानगी आहे.